बंगल्यातला स्विमिंग पूल: पाणी मुरतं कुठे?

लोणावळा, कर्जत, अलिबाग या पट्ट्यात फार्महाऊस बांधणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला: ‘पूलला चौरस फुटामागे काय पडेल?’ घराचा हिशेब तसा मांडायची सवय, म्हणून पूलचाही तसाच. पण पूल निम्मा केला म्हणून खर्च निम्मा होत नाही. आठ मीटर लांब, चार मीटर रुंद, सरासरी १.४ मीटर खोल असा पूल घ्या. तळ ३२ चौरस मीटर, चारी भिंती मिळून जवळपास ३४. म्हणजे ६६ चौरस मीटर काँक्रीट, वॉटरप्रूफिंग आणि टाइल. तोच पूल चार बाय चारचा केला तर पाणी निम्मं होतं, पण तळ-भिंती ३८ च्या खाली येत नाहीत. पंप, फिल्टर, पाइप, वायरिंग यांत तर फारशी बचत नाहीच. तेव्हा एकरकमी दर न घेता बाबवार कोटेशन मागावं.

त्यातली खोदाईची ओळ आधी वाचावी. ‘जेसीबी लावला की दोन दिवसांचं काम’ हे मुरूम असेल तिथे खरं. कातळ लागला की ब्रेकर येतो आणि त्याचं भाडं तासावर चढतं. काळी माती निघाली तर वेगळीच पंचाईत: ती पावसात फुगते, उन्हात आकसते, म्हणून काढून मुरमाचा भराव करावा लागतो. वरच्या मापाच्या पूलला ऐंशी-नव्वद घनमीटर खोदाई होते, आणि तो राडारोडा कुठे टाकायचा हेही कोटेशनमध्ये बहुधा नसतं. सौदा ठरण्याआधी पुरत्या खोलीचा एक खड्डा मारून बघणं फार स्वस्त पडतं.

‘पावसाळ्यात कोण पोहतंय, पूल उपसून ठेवा’ हा सल्ला सर्रास दिला जातो आणि मला तो सगळ्यांत महागाचा वाटतो. किनाऱ्यालगत किंवा सखल जागी पावसाळ्यात भूजल जमिनीच्या अगदी जवळ येतं. आपल्या उदाहरणातल्या पूलच्या भिंती आणि तळ २० सेंटिमीटर जाडीचे धरले, तर बाहेरून त्याचं घनफळ ५९ घनमीटर. भूजल जमिनीला टेकलं की ते या रिकाम्या हौदाला ५९ टनांनी वर रेटतं. हौदाचं वजन मात्र टाइल-प्लास्टर धरून चाळीसेक टन. मग तळ फुगतो, सांधे सुटतात, कधी अख्खा पूल उचलला जातो. पूल भरलेला असेल तर आतल्या पाण्याचं ४५ टन वजन त्याला जागेवर धरून ठेवतं. म्हणून पावसाळ्यात पूल भरलेला ठेवावा आणि जास्तीचं पाणी वाहून जायला ओव्हरफ्लोचा पाइप असावा. भूजलाचा दाब वाढला की ते पूलमध्ये घेणारी झडप तळाला बसवता येते. ती बांधतानाच बसवून घ्यावी. फायबरचा तयार पूल लवकर बसतो, गळतीची भीती कमी, पण वजनाला हलका असल्याने रिकामा ठेवण्याचा धोका त्याला आणखी जास्त. शिवाय तो ट्रकवरून येतो. गावातल्या अरुंद वळणावरून जाईल का, हे आधी बघावं.

इन्फिनिटी पूल म्हणजे फक्त एक भिंत बुटकी, असं समजू नये. कडेवरून सांडणारं पाणी झेलायला खाली वेगळी टाकी लागते, पाइप वाढतात, पाणीही जास्त लागतं.

‘पाणी दर महिन्याला बदलावं लागतं’ हेही खरं नाही. फिल्टर रोज चालला, पीएच ७.२ ते ७.८ आणि मोकळं क्लोरीन लिटरला १ ते ३ मिलिग्रॅम राहिलं, तर तेच पाणी दीर्घकाळ टिकतं. डोळे चुरचुरवणारा उग्र वास आला की लोक क्लोरीन कमी करतात. खरं तर तो वास घाम-लघवीशी संयोग झालेल्या क्लोरीनचा असतो आणि बहुधा डोस कमी पडल्याची खूण असते. मिठाचा पूलही क्लोरीनमुक्त नव्हे. लिटरला ३-४ ग्रॅम मीठ, म्हणजे ४५ हजार लिटरना १३५ ते १८० किलो, आणि त्यातून यंत्र विजेवर क्लोरीनच तयार करतं. बोअरचं जड पाणी असेल तर यंत्राच्या पट्ट्यांवर क्षार धरतात, त्यांची निगा आलीच.

पाण्याचा खरा खर्च उडून जाण्यात आहे. पृष्ठभागावरून एक मिलिमीटर पाणी उडालं की ३२ लिटर गेले. मे महिन्यात रोज सहा मिलिमीटर धरले तर महिन्याला सहा हजार लिटरांच्या घरात. पूलवर आच्छादन घातलं तर यातलं बरंचसं वाचतं, तरी खर्च आटोक्यात आणताना कात्री पहिली त्यालाच लागते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून दुष्काळी लातूरला निघालेल्या पहिल्या पाणीगाडीला दहा वाघिणी होत्या, एकेकीत सुमारे ५० हजार लिटर. आपला हा मध्यम पूल जवळजवळ एका वाघिणीएवढं पाणी पितो. टँकरवर भिस्त ठेवणाऱ्याने ही तुलना करून बघावी.

विजेचंही तसंच. एक अश्वशक्तीचा पंप रोज आठ तास चालला तर महिन्याला साधारण १८० युनिट. महावितरणचे घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतात, त्यामुळे हे युनिट घरच्या वापराच्या वर, महागड्या टप्प्यात जाऊन बसतात. आणि घरात लहान मुलं असतील तर चारी बाजूंनी कुंपण आणि आपोआप बंद होणारं फाटक लागतंच. कोटेशनमध्ये ते नसेल तर त्याचे पैसे आधीच बाजूला काढून ठेवावेत.