छाया-प्रकाशाचे लाकडी ठसे

एका चित्रासाठी दोन किंवा अधिक लाकडी ठसे कोरायचे आणि ते एकामागून एक त्याच कागदावर अचूक जुळवून छापायचे, ही किआरोस्कुरो छपाई.

● कृती : सहसा एका ठशावर रेषा, बाकीच्यांवर एकाच रंगाच्या फिकट-गडद छटा. उजेड हवा तिथले लाकूड कोरून काढतात. तिथे कोरा कागदच प्रकाश होतो.

● जर्मनी : १५०८च्या सुमारास चित्रकार लुकास क्रानाख आणि हान्स बुर्कमायर यांनी या छपाईचे प्रयोग केले. १५१०च्या एका चित्रात बुर्कमायर आणि ठसे कोरणारे कारागीर योस्ट द नेगकर यांनी अखंड काळी बाह्यरेषा सोडून छटांमधूनच आकृत्या उभ्या केल्या.

● इटली : उगो दा कार्पी यांनी १५१६ मध्ये व्हेनिसच्या सिनेटकडे या पद्धतीचे संरक्षण मागितले. चित्रकार पार्मिजानिनोच्या रेखाटनावरून चार ठशांत छापलेला ‘डायोजेनीस’ ही त्यांची सर्वोत्तम कृती मानली जाते.

● प्रसार : सोळाव्या शतकाच्या अखेरीस नेदरलँड्समध्ये हेंड्रिक गोल्ट्झियस यांनी ही पद्धत हाताळली.

या छापचित्रांचे श्रेय चित्रकाराइतकेच ठसे कोरणाऱ्या कारागिरांचेही आहे.