संगणक बंद पडला तर कोण बघणार?

‘विंडोज १०’साठी मिळणाऱ्या मोफत सुरक्षा दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या. ‘विंडोज ११’ला नवा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षा सुविधा लागते. शाळांतले अनेक जुने संगणक या अटीत बसत नाहीत. ते चालतात, पण असुरक्षित झाले आहेत. लिनक्ससारखी मुक्त स्रोत प्रणाली त्यांना आणखी काही वर्षे वापरात ठेवू शकते, तेही परवान्याचा खर्च न करता.

तरीही मुख्याध्यापक बिचकतात. बंद पडला तर कोण बघणार, हा त्यांचा प्रश्न रास्तच आहे. सॉफ्टवेअर फुकट मिळते, ते सांभाळणारा माणूस नाही!

केरळने नेमका हाच प्रश्न आधी सोडवला. तिथे २००१ मध्ये ‘आयटी अ‍ॅट स्कूल’ प्रकल्प सुरू झाला. २०१७ पासून ‘काइट’ ही सरकारी कंपनी तो चालवते. त्यांनी शाळांसाठी लिनक्सची स्वतःची आवृत्ती तयार केली. मल्याळम टंकलेखन, लिबरऑफिस, गणितासाठी जिओजेब्रा असे सगळे त्यात आधीच असते. सगळीकडे तोच संच असल्याने एका शाळेत सापडलेला उपाय दुसरीकडे जसाच्या तसा लागू पडतो. शाळेतलाच एक शिक्षक आयटी समन्वयक असतो आणि त्याला शिकवणारे प्रशिक्षकही बहुतेक शिक्षकच. २०१८ मध्ये त्यात ‘लिटल काइट्स’ हे विद्यार्थी मंडळ आले. शाळेची यंत्रे सांभाळायला ही मुले हात लावतात. अभियंता नेमण्यापेक्षा हे अधिक टिकाऊ वाटते.

एकट्या शाळेला एवढी यंत्रणा उभारता येणार नाही, पण सुरुवात छोटी करता येते. लिनक्स पेनड्राइव्हवरून, काहीही न पुसता चालवून पाहता येते. एका संगणकावर महिनाभर वापरा, प्रिंटर आणि प्रोजेक्टर जोडून बघा. प्रिंटर कधीकधी रुसतो. शेजारच्या दोन-तीन शाळांनी एकच आवृत्ती निवडली तर अडचणी विचारायला माणूस मिळतो.

आपल्याकडे खरी ठेच लागते ती जुन्या मराठी फाइलींना. युनिकोड नसलेल्या फॉण्टमधले दाखले आणि प्रश्नपत्रिका नव्या संगणकावर अगम्य चिन्हांत उघडतात. त्यामुळे जुना संगणक पुसण्याआधी त्या युनिकोडमध्ये बदलून घ्याव्यात आणि एक प्रत वेगळी ठेवावी.