गाठीतली रसायनं

मागच्या वर्षी आमच्या बदलापूर गावात, शेजारच्या आळीतला सहा वर्षांचा एक मुलगा सकाळी उठला की उलट्या करू लागला. सगळे म्हणाले पित्त आहे. मग चालताना तोल जायला लागला, तेव्हा एमआरआय झाला. लहान मेंदूत गाठ! त्याचे बाबा कागद घेऊन घरी आले. "तू इंजिनीअरिंगला आहेस ना? हे स्पेक्ट्रोस्कोपी काय लिहिलंय?" मला काही धड सांगता आलं नाही. म्हणून हा लेख.

एमआरआयचं चित्र मुख्यतः शरीरातल्या पाण्याच्या हायड्रोजनवरून बनतं. पण हायड्रोजन इतर रेणूंतही असतो आणि रेणूप्रमाणे त्याची वारंवारता किंचित सरकते. 1.5 टेस्लाच्या यंत्रात ती साधारण 64 मेगाहर्ट्झ असते. त्यात कोलीन आणि एनएए या दोन रसायनांमधला फरक जेमतेम 75 हर्ट्झ. असा फरक अल्कोहोलच्या रेणूत 1951 साली तिघांनी दाखवला. त्यातले एक, एस. एस. धर्मट्टी, पुढे आपल्या मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले.

पाण्याचा सिग्नल हजारो पट मोठा, तो आधी दाबायचा. उरलेल्याचं फूरिये रूपांतर केलं (हो, ज्याला आपण परीक्षेत शिव्या घालतो तेच) की आलेखात शिखरं दिसतात. सुई नाही, चिरा नाही, यंत्र तेच.

एनएए निरोगी चेतापेशींचं, कोलीन पेशी वेगाने वाढतात तिथलं. गाठीत पहिलं घटतं, दुसरं वाढतं. मला वाटलं, झालं, गुणोत्तर काढा की निकाल! पण इथेच गोची आहे. पायलोसायटिक ॲस्ट्रोसायटोमा ही सौम्य गाठ. पण तिच्यातही एनएए कमी आणि वर लॅक्टेट, म्हणजे आलेखात ती दुष्टच वाटते. ती ओळखायची फार कमी क्रिएटिनवरून. मेड्युलोब्लास्टोमात 3.4 पीपीएमजवळ टॉरीन दिसतं, एपेन्डायमोमात मायो-इनॉसिटॉल जास्त.

पहिली गाठ पूर्ण काढता आली तर बहुधा तेवढ्यावर भागतं. मेड्युलोब्लास्टोमाला मात्र ऑपरेशननंतर केमो आणि थोड्या मोठ्या मुलांना मेंदू-मणक्यावर किरणोपचारही लागतात. ऑपरेशनच्या आधी अंदाज आला तर डॉक्टरांनाही तयारी करता येते, घरच्यांनाही. शेवटचा शब्द अर्थात सूक्ष्मदर्शकाखालच्या तुकड्याचा. गाठ हाडाला लागून असली किंवा आत रक्त असलं तर आलेख बिघडतोच.

परवा त्याचे बाबा लोकलमध्ये भेटले, परळला तपासणीला निघाले होते. आलेखात टॉरीन नव्हतं, क्रिएटिन कमी होतं, आणि तुकड्याच्या रिपोर्टनेही तेच सांगितलं. पोरगं खिडकीशी बसून स्टेशनं मोजत होतं.