वार्धक्य, स्मृतिभ्रंश आणि घराची सुरक्षितता

खुब्याचे हाड मोडलेला वृद्ध रुग्ण दाखल होतो, तेव्हा त्याचे नातलग बहुधा एकच वाक्य सांगतात : "कुठे बाहेर गेले नव्हते हो, घरातल्या घरातच पडले." शस्त्रक्रिया यशस्वी झाली तरी दीर्घकाळ अंथरुणाला खिळल्याने शय्याव्रण, न्यूमोनिया असे उपद्रव संभवतात. म्हणून असे अपघात टाळण्यासाठी घरातच काय करता येईल, याचा येथे थोडक्यात विचार केला आहे.

वृद्धत्वाच्या जोडीला स्मृतिभ्रंश असेल तर धोका वाढतो. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात साठ वर्षांवरील 7.4 टक्के, म्हणजे सुमारे 88 लाख व्यक्तींना हा विकार असावा. त्यास 'म्हातारचळ' म्हणून हसण्यावारी नेणे योग्य नव्हे. तो मेंदूचा आजार आहे. रुग्णास नवे स्मरत नाही, जुन्या सवयी मात्र बराच काळ टिकतात. म्हणूनच घर सुरक्षित करावे, परंतु अनोळखी करू नये.

नांदेड-लातूरकडील जुन्या घरांत उंच उंबरठे, गुळगुळीत शहाबादी फरशी आणि सदैव ओली मोरी असते. उंबरठ्यावर पिवळ्या रंगाचा ठळक पट्टा ओढावा. मोरीतील शेवाळ वरचेवर घासून काढावे, भिंतीत धरण्यासाठी दांडी पक्की बसवावी व बसून स्नान करण्यास स्टूल ठेवावे. खाटेपासून शौचालयापर्यंत रात्रभर मंद दिवा असावा. वीज गेल्यास उपयोगी पडणारा चार्जिंगचा दिवाही हाताशी ठेवावा. उन्हाळ्यात गच्चीवर झोपण्याची आपली रीत आहे. परंतु रात्री उठून भांबावणाऱ्या व्यक्तीची खाट खालीच घालावी.

2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. टंचाईमुळे घरोघरी पाणी साठविण्याची सवय जडली आहे. पिंपे, घागरी व बादल्या येण्याजाण्याच्या वाटेवर न ठेवता एका भिंतीलगत झाकून ठेवाव्यात.

शेतकरी कुटुंबांनी विशेष दक्षता घ्यावी ती कीटकनाशकांची. कापूस, सोयाबीन वा तुरीवर फवारण्याचे औषध शीतपेयाच्या बाटलीत कधीही ओतून ठेवू नये. स्मृतिभ्रंश झालेली व्यक्ती ते सरबत समजून पिऊ शकते. अशी औषधे कुलूपबंद ठेवावीत. गॅसचा रेग्युलेटर काम आटोपताच बंद करावा. नेहमीच्या गोळ्या दुसऱ्या कोणी स्वहस्ते द्याव्यात.

घरातून निघून जाणे ही आणखी एक चिंता. 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर वसलेल्या अनेक पुनर्वसित गावांत सरळ रस्ते व एकसारखी घरे आहेत. अशा ठिकाणी आपले दार ओळखणे कठीण जाते. दारास वेगळा रंग द्यावा अथवा ओळखीची खूण लावावी. खिशात नाव व दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी असावी आणि शेजारी, दुकानदार यांना कल्पना द्यावी. रुग्णास घरात एकटे कोंडून ठेवणे हा मात्र उपाय नव्हे. आग लागल्यास वा तोल गेल्यास तोच बंदिवास जिवावर बेततो. सकाळ-संध्याकाळ सोबतीने फिरवावे. शेंगा सोलणे, वाती वळणे अशी सवयीची कामे करू द्यावीत.

एक नाजूक विषयही मांडणे आम्हांस आवश्यक वाटते. आईवडिलांना दर काही महिन्यांनी एका मुलाकडून दुसऱ्याकडे पाळीने पाठविण्याची प्रथा अनेक घरांत आहे. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णास घर बदलताच शौचालयाची वाटही पुन्हा शिकावी लागते, आणि शिकणे हेच त्यास अशक्य झालेले असते. खर्च व सेवा भावंडांनी वाटून घ्यावी. रुग्णाचे घर शक्यतो एकच असावे. स्थलांतर अटळ असल्यास त्यांची खाट, गोधडी व देवाची तसबीर सोबत न्यावी.

यांतील बहुतेक उपायांस खर्च अल्पच येतो. वॉकर, कमोड खुर्ची यांसारख्या साधनांसाठी राज्य शासनाने 2024 मध्ये मुख्यमंत्री वयोश्री योजना सुरू केली. तीत 65 वर्षे पूर्ण झालेल्या अल्प उत्पन्न गटातील नागरिकांस एकरकमी 3,000 रुपयांची तरतूद करण्यात आली. ज्येष्ठांच्या साहाय्यासाठी 14567 ही राष्ट्रीय हेल्पलाइनही आहे. दात्यांनी एखाद्या गरजू घरी दांडी किंवा कमोड खुर्ची बसवून दिली, तरी एक वृद्ध व्यक्ती आपल्या पायांवर उभी राहू शकेल. आमच्या दृष्टीने ती रुग्णसेवाच होय.