फुगीर चौकोन आणि पातळ कौदी

हुबळीच्या दुर्गदबैलात बारशाच्या खरेदीला आलेल्या आज्या आणि मावश्यांच्या पिशव्या झबली, टोपडी, दुपटी घेता घेता भरून जातात. बाळाचं पांघरूण मात्र घरी शिवलेलं हवं, असं अजूनही पुष्कळ घरांत वाटतं. जुन्या पातळांची कौदी, म्हणजे गोधडी, ही इथली ठरलेली रीत. हल्ली मोबाइलवर पाहून काही जणी ‘पफ क्विल्ट’ही शिवायला घेतात. कापसाच्या बोंडांसारखे फुगलेले चौकोन ओळीने मांडलेली ही दुलई. अमेरिकेत तिच्या जुन्या प्रकाराला ‘बिस्किट क्विल्ट’ म्हणतात.

फुगीरपणाचं गुपित मापात आहे. खालचा चौकोन चार इंची, वरचा पाच इंची. दोघांचे कोपरे जुळवले की वरचं कापड जास्त उरतं. प्रत्येक बाजूच्या मध्यावर त्याची चुणी घालायची. तीन बाजूंना काठाजवळून शिलाई मारली की खिसा तयार होतो. त्यात मूठभर फायबर भरून चौथी बाजू बंद करायची. पुढे पाव इंच शिवण सोडून दहा-दहा खिशांच्या दहा ओळी जोडल्या, तर शंभर चौकोनांची सुमारे पस्तीस इंची दुलई होते. शिवणयंत्राशी झटापट होते ती इथेच. हौसेने ठासून भरलेले खिसे यंत्राच्या पायाखालून सरकत नाहीत, म्हणून हात आखडता ठेवलेला बरा. शेवटी सुलट बाजू समोरासमोर ठेवून अस्तर जोडायचं, एका कडेला वीतभर जागा मोकळी सोडून सगळं उलटवायचं आणि तेवढी जागा हाताने शिवायची. चार चौकोन जिथे भेटतात तिथे जाड दोऱ्याचा टाका घेऊन गाठ मारली की अस्तर सुटं राहत नाही. शोभेची बटणं मात्र नकोतच. निघालेलं बटण बाळाच्या तोंडात जायला वेळ लागत नाही.

भरायला कापूस का नको? हा मुलूख कापसाचाच. इथला कापूस एकेकाळी कुमठा बंदरातून बाहेर जायचा आणि ‘कुमठा’ याच नावाने विकला जायचा. पण सुटा कापूस धुतल्यावर गोळा होतो. त्याला जवळजवळ टाके घालून जागच्या जागी धरावं लागतं, आणि खिशात तसे टाके घातले तर फुगाच बसतो.

कौदीत भरण वेगळं लागतच नाही. जुन्या कापडाचे थर हीच तिची ऊब, आणि धावदोरा त्यांना एकत्र धरतो. हुबळीहून फार लांब नसलेल्या हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड भागांतल्या सिद्दी बायकांनी ही कला फार पुढे नेली आहे. सिद्दी हे आफ्रिकेतून आणलेल्या लोकांचे वंशज. त्यांतल्या अनेकांचे पूर्वज गोव्यातल्या गुलामीतून निसटून या रानात आले. 2003 मध्ये उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दींचा अनुसूचित जमातींत समावेश झाला. त्यांच्या गोधडीला कवंद म्हणतात. ती कडेकडून शिवायला सुरुवात करून, ठिगळं जोडत जोडत मध्याकडे नेतात आणि चारही कोपऱ्यांवर घड्या घातलेल्या त्रिकोणी चिंध्यांची ‘फुलं’ लावतात. आखलेला नकाशा नसतो. हाताला येईल ते कापड पुढची जागा ठरवतं. कलेतिहासाचे अमेरिकी अभ्यासक हेन्री ड्रेवल यांनी या बायकांसोबत काम करून कवंद परदेशातल्या प्रदर्शनांपर्यंत पोचवली.

या दोन्हींतलं बाळासाठी बरं कोणतं? देखणेपणात फुगीर दुलई बाजी मारेल, पण हुबळीच्या चैत्र-वैशाखात ती अंगावर घालणं म्हणजे शिक्षाच. शिवाय अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला स्पष्ट आहे: पहिलं वर्षभर झोपलेल्या बाळाजवळ रजई, उशी किंवा मऊ खेळणी ठेवू नयेत, कारण तोंडानाकावर काही आलं तर ते त्याला बाजूला करता येत नाही. हा सल्ला जाड दुलईला लागू आहे तसाच कौदीलाही. त्यामुळे फुगीर दुलईची खरी जागा जमिनीवर: जागं बाळ पालथं पडून मान उचलतं तेव्हा, मोठ्या माणसाच्या नजरेसमोर.

कापायच्या आधी सगळं कापड एकदा धुऊन घ्यावं, खादी असेल तर नक्कीच. ती आटते आणि गडद रंग सुटतो. झालेली दुलई सौम्य साबणात बुडवून दाबत धुवावी, पिळू नये. आडवी पसरून वाळवताना मधूनमधून उलटी केली आणि खिसे हाताने थापटले, तर आतलं फायबर पुन्हा मोकळं होतं.