कोडच्या स्पेलचेकरला फ्रेंच शिकवताना

'ओपनफिस्का-फ्रान्स' हा फ्रान्समधले कर आणि सरकारी भत्ते यांचे नियम कोडमध्ये मांडणारा खुला प्रकल्प. कोड पायथॉनमधला, पण व्हेरिएबलची नावं फ्रेंच. उदा. 'सालेर द बाझ', म्हणजे मूळ पगार. असा कोड तुम्ही उघडलात आणि एडिटरमध्ये सीस्पेल चालू असेल, तर स्क्रीनभर नागमोडी रेषा दिसतील. त्या सगळ्या चुका नसतात. टूलला फ्रेंच येत नसतं, इतकंच.

सीस्पेल करतं काय? अंडरस्कोर आणि कॅपिटल अक्षरांपाशी नावाचे तुकडे पाडतं आणि प्रत्येक तुकडा शब्दकोशात शोधतं. डिफॉल्ट सेटिंगमध्ये चारपेक्षा कमी अक्षरांचे तुकडे तपासतच नाही. अर्थ, व्याकरण याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

आता जोडणी. व्हीएस कोडमध्ये फ्रेंच शब्दकोशाचं एक्स्टेंशन टाका. टर्मिनलवर काम करत असाल, तर एनपीएमवरून फ्रेंच पॅकेज घ्या आणि कॉन्फिग फाइलमध्ये 'इम्पोर्ट'खाली त्याची नोंद करा. पण एवढ्याने निम्मंच काम होतं. 'लँग्वेज' सेटिंगमध्ये 'ईएन'च्या जोडीला 'एफआर' हवंच.

खरी गोम पुढे आहे. दोन शब्दकोश असले की शब्द कुठल्याही एकात सापडला तरी पास! 'एक्झाम्पल'च्या स्पेलिंगमध्ये ए-च्या जागी ई पडला, किंवा 'अ‍ॅड्रेस'मधला एक डी गळून शेवटी ई लागला, तर इंग्रजीत ती चूक. फ्रेंचमध्ये मात्र तेच बरोबर स्पेलिंग. म्हणजे खोटे इशारे कमी झाले, पण निसटणाऱ्या खऱ्या चुका वाढल्या. संशोधनातली कुठलीही चाचणी सैल केली की हेच होतं.

आणि नावातली चूक चिकटून बसते. एचटीटीपीमधल्या 'रेफरर' हेडरच्या स्पेलिंगमध्ये एक आर कमी आहे. १९९६ च्या आरएफसी १९४५ मध्ये ते तसंच आलं आणि आजही तसंच लिहावं लागतं. तुमच्या डेटासेटमधल्या कॉलमच्या नावाचंही असंच होऊ शकतं.

म्हणून फ्रेंच सगळीकडे लागू करू नका. 'ओव्हरराइड्स' वापरून ज्या फोल्डरमध्ये फ्रेंच नावं आहेत तिथेच 'एफआर' द्या. मग मुद्दाम परीक्षा घ्या: फ्रेंच 'एक्झाम्पल' दोन्हीकडे लिहून पाहा. फ्रेंच फोल्डरमध्ये रेषा नको, इंग्रजी फाइलमध्ये हवी. तसं झालं, तरच सेटिंग बरोबर समजा.