मंदगती पॅकेट रेडिओ : साधा मोडेम आणि पॅकेटची लांबी

हौशी रेडिओकेंद्रांतील पॅकेटसंदेशनाचे आरंभीचे प्रयोग १९७८ साली कॅनडातील माँट्रियल येथे झाले. १९८४ साली ए.एक्स.२५ या संकेतपद्धतीची दुसरी आवृत्ती प्रसिद्ध झाली. सेकंदास १२०० बिट या वेगाकरिता, मुळात टेलिफोनसाठी योजिलेल्या ‘बेल २०२’ मोडेमची रीत रूढ झाली. तिच्या मर्यादांचा येथे थोडक्यात विचार करावयाचा आहे.

या मोडेमला १२०० व २२०० हर्ट्झ असे दोनच स्वर ठाऊक असतात. तथापि अमुक स्वर म्हणजे अमुक बिट, असा अर्थ येथे नाही. स्वर पालटला तर शून्य व कायम राहिला तर एक, असा संकेत आहे. लागोपाठ पाच ‘एक’ आले की प्रेषक त्यापुढे एक शून्य घालतो. त्यामुळे स्वर पुनःपुन्हा पालटत राहतो व ग्राहकाचे कालमापन ढळत नाही.

पहिली अडचण ध्वनिमार्गातील आहे. कंप्रता-अधिमिश्रणाचे प्रेषक उच्च स्वरांना सप्तकामागे सहा डेसिबल उठाव देतात. हा उठाव ग्राहकाने परत घेतला नाही, तर दोन स्वरांत सुमारे पाच डेसिबलांचे अंतर पडते व बिट चुकू लागतात. म्हणून दोन्ही टोकांची जोडणी परस्परांस अनुरूप हवी.

दुसरी अडचण अधिक मूलगामी आहे. प्रत्येक पॅकेटच्या अखेरीस सोळा बिटांची तपासणीसंख्या असते. तिने चूक कळते, पण दुरुस्त होत नाही. एका बिटापायी सबंध पॅकेट टाकावे लागते.

पॅकेटमध्ये मजकुराखेरीज वीस बाइट खर्ची पडतात असे धरू. २५६ बाइटांच्या मजकुराचे पॅकेट २२०८ बिटांचे होते व त्यास १.८४ सेकंद लागतात. ६४ बाइटांचे पॅकेट ६७२ बिटांचे होऊन ०.५६ सेकंदात जाते. प्रेषक सुरू होण्यास प्रत्येक वेळी ०.३ सेकंद लागतात असे मानू. हजारात एक बिट चुकत असेल, तर लांब पॅकेटांपैकी शेकडा ११ आणि आखूड पॅकेटांपैकी शेकडा ५१ सुखरूप पोचतील. पोचपावतीचा वेळ सोडल्यास, सेकंदामागे हाती येणारा मजकूर अनुक्रमे सुमारे १३ व ३८ बाइट पडतो. याउलट मार्ग निर्दोष असेल तर हेच आकडे १२० व ७४ होतात.

तात्पर्य, पॅकेटची इष्ट लांबी मार्गाच्या गुणावर अवलंबून असते. संदेश वारंवार फिरून पाठवावे लागत असल्यास मोडेमला दोष देण्यापूर्वी अभ्यासकाने पॅकेट आखूड करून पाहावे.